पहाटेचं शून्य

रबरी हातमोजे फाटले याला इस्माईलच जबाबदार आहे, याबद्दल रेश्मा तारीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शिरोणच्या किनाऱ्यावर नुकतं उजाडलं होतं. होड्या लागल्या होत्या, बांगड्याच्या राशी पडल्या होत्या, बायका रांगेत बसून लहान-मोठी मासळी निवडत होत्या, आणि ही मात्र काम सोडून, कमरेवर हात ठेवून इस्माईलच्या टेंपोसमोर उभी.

"म्हयनो झालो नाय, आणि ह्या बघ!" तिने मुठीवर मोजा ताणून दाखवला. जिथे जिथे रबर ताणलं जात होतं तिथे बारीक आडव्या चिरा पडल्या होत्या. "माल इकतंस काय फसवतंस?"

"वैनी, ह्योच माल मी मालवणात देतंय. थय कोण तक्रार करणा नाय. तुमच्याच हातात काय असा ता देव जाणे."

"हर्षदा, तूच सांग गो ह्येका. तू शिकलेली ना?"

हर्षदा टेकडीवरच्या आपल्या केंद्राकडे निघाली होती. समुद्रावरच्या हवेत काय काय आहे ते मोजणं हे तिचं काम. भावजयीच्या आणि मोजेवाल्याच्या भांडणात पडायला पन्नाशी उलटलेल्या बाईला सकाळी सकाळी जी ताकद लागते, ती तिच्यात गेली कित्येक वर्षं नव्हती.

"रबर हलकं असेल," ती म्हणाली. "दुसरी जोडी दे रे तिला."

जुनी जोडी रेश्माने हर्षदाच्याच हातात कोंबली, जसा काही तो पुरावा होता. मग जिंकल्यासारखी हसली आणि हसता हसता खोकू लागली. खोकला आला की ती होडीच्या आड जायची. निवडीच्या रांगेत बायकांच्या जागा ठरलेल्या असतात, आईकडून लेकीला आणि सासूकडून सुनेला जातात. जिचा हात थांबतो तिच्या जागेवर लगेच दुसरीचा डोळा पडतो. म्हणून खोकला दिसू द्यायचा नाही.

हर्षदाला तो दिसला. सर्दी असेल, असं मनाशी म्हणून ती चढण चढू लागली.

गावात हर्षदाला 'ढगपुशी' म्हणत. तोंडावर नाही, पण इतकं हळूही नाही की तिला ऐकू जाऊ नये.

ती नोकरीला लागली तेव्हा जहाजं गंधकाने भरलेलं काळं तेल जाळत असत. त्या धुरातला गंधक हवेत आम्ल होऊन माणसांच्या छातीत जायचा. मग जगभर नियम झाला आणि तेलातला गंधक काढला गेला. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये उभं राहून तरुण हर्षदाने मोठ्या उत्साहाने गावाला सांगितलं होतं, आता हवा सुधारेल. हवा सुधारलीही. फक्त समुद्रावरचे ढग विरळ झाले.

त्याचं असं आहे, ढगाला दाणा लागतो. वाफ नुसती हवेत गोठत नाही, तिला बसायला पाट हवा. धुरातले गंधकाचे कण म्हणजे असे कोट्यवधी पाट. पाट जितके जास्त, तितके थेंब लहान आणि पुष्कळ, आणि तितका ढग पांढरा. पांढऱ्या ढगावरून ऊन माघारी फिरतं आणि खालचं पाणी थंड राहतं. गंधक गेला तसे पाट गेले, ढग फिके पडले आणि आधीच तापत चाललेला समुद्र आणखी तापला. बांगडा खोल गेला, उत्तरेला गेला, कुठे गेला कुणास ठाऊक. शिरोणच्या जाळ्यात मात्र येईना. समुद्र तापण्याची कारणं साऱ्या जगात पसरलेली होती, पण गावाला दोष द्यायला एक ओळखीचा माणूस लागतो. हर्षदा घरचीच होती, सोयीची होती.

दहा वर्षं गावाने अशी काढली. मग 'पांढरी वाट' आली.

जहाजं आता अमोनियावर चालत. त्यांच्या धुरात गंधक नव्हता, पण ढगाला लागणारा दाणाही नव्हता. तेव्हा कुणा हुशार माणसाने धुराड्यातच समुद्राच्या पाण्याचे अतिशय बारीक तुषार सोडणारं यंत्र बसवलं. गरम धुराबरोबर मिठाचे कण वर जातात आणि ढगाला पाट मिळतात. किनाऱ्याला समांतर एक पट्टा आखला गेला, त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने मीठ उडवत जायचं. वरून पाहिलं तर समुद्रावर पांढऱ्या ढगांची लांबच लांब वाट दिसे. समुद्राचंच मीठ समुद्राच्याच ढगाला. याला कोण हरकत घेणार? तीन-चार वर्षांत पाणी निवलं आणि बांगडा परत आला. हर्षदाचा थोरला भाऊ रुपेश पुन्हा तांडेल म्हणून बोटीच्या सुकाणूवर उभा राहिला, त्याच्या मुलाचं लग्न झालं, घरात सून आली. 'ढगपुशी' हे नावही जरा मागे पडलं.

परतीच्या पावसात केंद्रावर वीज पडली. फार नुकसान झालं नाही, पण यंत्राचं घड्याळ बिघडलं.

ओझोन मोजणारं यंत्र रोज एकदा स्वतःला तपासतं. बाहेरची हवा बंद करून गाळलेली हवा हुंगतं आणि आपलं शून्य जागेवर आहे ना ते बघतं. या शून्य-तपासणीला दोन-अडीच तास जातात आणि तेवढ्यात बाहेर काय चाललंय याची नोंद होत नाही. ती सूर्योदयाच्या सुमाराला उरकायची, हा सगळीकडचा शिरस्ता. ओझोन तयार व्हायला ऊन लागतं आणि रात्रभर तो विरत जातो, म्हणजे पहाटे हवेत बघण्यासारखं काहीच नसतं. पुस्तकं हेच सांगतात. शिरोणच्या यंत्रात ती वेळ हर्षदानेच भरली होती.

घड्याळ सरकलं तशी शून्य-तपासणी भर दुपारी झाली आणि यंत्र पहिल्यांदाच पहाटे जागं राहिलं. दुसऱ्या दिवशी हर्षदाने आलेख उघडला. दुपारच्या जागी रिकामा तुकडा होता आणि पहाटे, जिथे सपाट जमीन असायला हवी होती, तिथे डोंगर उभा होता.

यंत्रच बिघडलंय, असं ती आधी म्हणाली. असं म्हणण्यात सुख असतं. मग हातात धरायचं छोटं यंत्र घेऊन ती सलग काही दिवस सूर्योदयाला किनाऱ्यावर जाऊन बसली. तिथेही तोच डोंगर, उलट जास्तच उंच.

उलगडा व्हायला तिला फार वेळ लागला नाही. गंधक गेला तरी जहाजाच्या आगीतून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतातच. संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर तो धूर किनाऱ्याकडे येतो आणि वारा पडला की टेकडीच्या कुशीत, खाडीच्या तोंडावर कोंडून राहतो. अंधारात ती ऑक्साइडं मिठाच्या कणांवर बसतात आणि मिठातला क्लोरीन सोडवून घेऊन एक नवा वायू करतात. रात्रभर तो निमूट असतो, पण पहिलं ऊन पडलं की फुटतो. मोकळा झालेला क्लोरीन दिसेल त्यावर झडप घालतो आणि त्या गडबडीत ओझोन तयार होतो, भराभर, ऐन सकाळी. हे रसायन जुनंच होतं, साध्या समुद्रावरही थोडंफार चालायचं. पण पांढऱ्या वाटेने हवेत मिठाचा पूर लोटला होता. ऊन चढलं की कोंडलेली हवा वर उठून विरायची. तोवर केंद्राचं यंत्र आपलं शून्य तपासून डोळे उघडायचं, आणि सगळं ठीक असायचं.

ओझोन उंच आभाळात असला तर आपलं रक्षण करतो. खाली आला की फुप्फुस जाळतो. आणखी एक गोष्ट तो करतो, ताणलेल्या रबरावर आडव्या चिरा पाडतो.

हर्षदाने पिशवीतून रेश्माचा मोजा काढला आणि कितीतरी वेळ तो मुठीवर ताणून बघत बसली. इस्माईल निर्दोष होता. आणि रेश्माची सर्दी ही सर्दी नव्हती.

"म्हणजे आता काय करूचा म्हणतंस?" रुपेशने विचारलं.

दुपारची जेवणं चालली होती. रेश्माने बांगड्याचं तिखलं केलं होतं. हर्षदाच्या पानात दोन तुकडे होते आणि तिचा हात पुढे होत नव्हता.

"पांढरी वाट पन्नास-साठ मैल बाहेर नेयूक व्हयी. मग धूर हय पोचूचो नाय."

"आणि बांगडो?"

बांगडा ढगांच्या सावलीबरोबर जाणार, हे त्या घरात सांगायची गरज नव्हती.

"एकदा ढग पुसलंस," रुपेश सावकाश म्हणाला. तो ओरडत नव्हता, तेच जास्त लागत होतं. "तेवा तू ल्हान होतंस, आम्ही काय बोललंव नाय. आता परत? पुढच्या आठवड्यात सुनावणी असा, वाटेची परवानगी वाढतली. सगळो गाव हात वर करतलो. तू घरातली असान उलटा बोलतलंस?"

"दादा, वैनीची छाती—"

"माझ्या छातीचा नाव घेवन बोला नको हां!" रेश्मा चुलीपाशून वळली. "खोकलो माझो असा. धा वर्सां ह्या घरात चूल धड पेटली नाय, तेवा कोण इलो नाय माझी छाती तपासूक. आता चार घास मिळतत तर तुका छाती दिसता? सांगा नको कोणाक. माझी शपथ असा तुका."

"मासळी उशिरा निवडली तर? ऊन चढल्यावर?"

रुपेश हसला. "उन्हात मासळी कुजता, ता तुझा यंत्र सांगणा नाय काय?"

इकडे आड आणि तिकडे विहीर. हर्षदाने शपथ मोडायची नाही असं कबूल केलं आणि ती जेवली. तिखलं नेहमीसारखंच झालं होतं.

संध्याकाळी केंद्रावर जाऊन तिने घड्याळ दुरुस्त केलं. फार काही करावं लागत नाही, वेळ भरायची आणि एक बटण दाबायचं. शून्य-तपासणी पुन्हा सूर्योदयाला गेली. केंद्राच्या सगळ्या नोंदींमध्ये शिरोणची हवा स्वच्छ होती आणि विजेने बिघडलेले ते दिवस 'यंत्रदोष' म्हणून वगळायला कुणाची परवानगीही लागत नव्हती. तिला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली, पण थकलेल्या माणसाला लाज फार वेळ धरून ठेवता येत नाही.

सुनावणीच्या दिवशी सकाळी ती किनाऱ्यावरून चालली होती. निवडीची रांग बसली होती. रेश्माच्या जागेवर रेश्मा नव्हती. तिथे प्राची होती, रुपेशची सून. पाचवा महिना चालू असलेली, पोट सांभाळून फळकुटावर बसलेली, हातात इस्माईलकडचे नवेकोरे मोजे.

"वैनी खय?"

"आईंका चार दिवसांमागे रात्री दम लागलो. म्हणाल्या, माझ्या जाग्यार तू बस, नायतर जागा जायत." प्राची हसली. "बरा वाटता हय. पयले दोन दिवस जरा घसो खवखवलो. मासळीच्या वासान असतलो."

मागून ऊन वर आलं. खाडीवरचं धुकं सोनेरी झालं, फार सुंदर दिसत होतं. प्राचीने घसा खाकरला, जरा थांबली आणि मग मान फिरवून होडीच्या आड खोकली. हे तिला कुणी शिकवलं नसणार. तिने सासूचं पाहिलं असणार.

हर्षदा तिथेच वाळूत उभी राहिली. माझी छाती, असं रेश्मा म्हणाली होती आणि ते खरं होतं. पण जागेबरोबर छातीही सुनेकडे जाते, हे त्या जेवणाच्या पानावर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हर्षदाला रडू आलं. तिला रागही आला, रेश्माचा नाही, पांढऱ्या वाटेचा नाही, स्वतःच्या त्या कबूल करण्याचा.

सोसायटीचा हॉल भरला होता. पांढऱ्या वाटेच्या वतीने निमकर नावाचे अधिकारी आले होते. सज्जन माणूस. त्यांनी पाण्याचं तापमान दाखवलं, मासळीची आवक दाखवली, टाळ्या झाल्या. मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "केंद्राचं काय म्हणणं आहे, मॅडम?"

हर्षदा उठली. तिने पिशवीतून दोन मोजे काढून टेबलावर ठेवले.

"हे इस्माईलच्या एकाच खोक्यातले. हा मी बाटलीवर ताणून घरात बंद डब्यात ठेवला होता, आणि हा तसाच ताणून किनाऱ्यावर, निवडीच्या जागेपाशी. दहा दिवसांत हे असं झालं." उलगडा झाला त्याच दिवशी तिने ते ताणले होते आणि शपथेनंतर काढून टाकायचे राहून गेले होते.

मोजे हातोहात फिरले. फाटलेला मोजा बायकांमध्ये गेला तेव्हा कुजबुज झाली. सगळ्यांच्या घरी असा एक होताच.

"रबराचं जे होतं ते फुप्फुसाचं होतं," ती म्हणाली, आणि मग मीठ, धूर, रात्र आणि पहिलं ऊन, असं सगळं तिने आपल्या बोलीत सांगितलं. कुणाच्या छातीचं नाव घेतलं नाही.

निमकरांनी शांतपणे नोंदी चाळल्या. "पण केंद्राच्या नोंदींत असं काहीच दिसत नाही."

"दिसणार नाही. त्या वेळी यंत्र शून्य तपासत असतं. ती वेळ मीच भरली होती."

रुपेश उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला. त्याच्यामागे आणखी काही माणसं गेली. कुणीतरी 'ढगपुशी' म्हणालं, या वेळी अगदी मोठ्याने. रेश्मा मागच्या बाकावर पदरात तोंड घालून बसली होती. ती रडत होती की खोकत होती, हर्षदाला लांबून कळलं नाही.

हॉल रिकामा झाल्यावर निमकर तिच्यापाशी आले. "सावली हवी तर धूर हवा, आणि धूर आला की हे आलं. आपण दोन्हीकडून हरतो, मॅडम. तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

"मग काय. मोजलं ते सांगितलं." तिला घरी जायचं होतं, पण आज कुठल्या घरी जायचं हे तिला कळेना.

पहाटेची हवा पुन्हा मोजून झाली आणि पांढरी वाट बाहेर सरकली. शून्य-तपासणी आता दुपारी होते आणि पहाटेचा आलेख पुन्हा पुस्तकातल्यासारखा सपाट झाला आहे. किनाऱ्याजवळचं पाणी हळूहळू तापलं. बांगडा एका दिवसात गेला नाही, येईनासा झाला. रुपेश बोट घेऊन वेरावळच्या बाजूला गेला, चार-चार महिने तिकडेच असतो. प्राचीला मुलगी झाली, धडधाकट, रडायला लागली की चार घरं ऐकतात. हर्षदा आता केंद्रावरच राहायची, मुलीचा आवाज रस्त्यावरूनच ऐकायची. त्या घराची पायरी ती चढली नव्हती, कारण तिला कुणी ये म्हटलं नव्हतं.

वर्ष होत आलं तेव्हा एक दिवस केंद्राच्या दारात रेश्मा उभी राहिली.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच समोर आली होती. तिने आत यायची वाट पाहिली नाही, खुर्चीवर बसली नाही, हातातली रबरी मोज्यांची जोडी टेबलावर आपटली.

"ताणून बघ."

हर्षदाने ताणून पाहिली. एकही चीर नव्हती.

"वरीस झाला. इस्माईलाक काल सांगलंय, तुझो माल चांगलो रे. बिचारो खूश झालो. तेका काय म्हायत? हातात घालूक काम मिळाला तर मोजे झिजतले मा! आठवड्यातून एक दिवस टोपलीभर मासळी येता, तीय येवढी येवढी. माझो झिल मुंबयक नोकरी बघता. तुझो दादा थय परक्या गावात कोणाच्या हातचा खाता. छाती माझी होती गो, हर्षदा! माका इचारलंस, मी नको म्हटलंय, शपथ घातलंय, आणि तरी तुका जा करूचा ताच केलंस. गावात माका काय ऐकूक लागता ता तुका ठावक असा? ढगपुशीची वैनी म्हणतत माका. आणि ता पोर तुझ्यासारख्या नाकाचा झाला हा, ता बघूक तरी येवचा होतास! कोण तुका नको म्हटल्यान? माणूस भांडला म्हणान बापाच्या आत्येन पोराक बघूचाच नाय काय?"

ती बोलत राहिली. आवाज चढत गेला, हात हलत राहिले. बोलण्यात खोटं काही नव्हतं. ऐकता ऐकता हर्षदाची नजर रेश्माच्या मागे, उघड्या दारातून दिसणाऱ्या चढणीवर गेली. खडी चढण. ही बाई ती सगळी एकटी चढून आली होती, दारात क्षणभरही टेकली नव्हती, आणि एवढं सगळं बोलून झालं तरी एकदाही खोकली नव्हती.

रेश्मा थांबली. "काय बघतंस?"

"काय नाय," हर्षदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बोल वैनी. आणखी बोल."